काचपेटीतला नारू

घोटावड्याच्या आमच्या घरी काचेच्या पेटीत गप्पी मासे आहेत. यंदा त्यांतील काहींच्या गुदद्वारातून तांबडे, केसासारखे धागे डोकावू लागले. हा कॅमॅलॅनस नावाचा जंत. आतड्याच्या भिंतीला चिकटून तो रक्त शोषतो आणि जिवंत अळ्या पाण्यात सोडतो. त्या अळ्या सायक्लॉप्स हा सूक्ष्म जलजीव गिळतो, त्याला मासा गिळतो. पेटीत मात्र सायक्लॉप्सवाचूनही लागण पसरते.

सायक्लॉप्स म्हणताच वडीलधाऱ्यांना नारू आठवावा. हा जंत नारूचाच दूरचा नातलग. पायविहिरींच्या पाण्यातून, याच सायक्लॉप्सवाटे, नारू माणसाच्या देहात शिरत असे. त्यावर औषध नव्हते. फडक्याने गाळलेले पाणी, सुरक्षित विहिरी, अशा साध्या उपायांनी देश फेब्रुवारी २००० मध्ये नारूमुक्त ठरला.

माशांचे दैव बरे. शेळ्यामेंढ्यांना जंतावर देतात ते लेव्हामिसोल त्यांना चालते. पण पशुवैद्यांना विचारून, दुसरे औषध न मिसळलेलेच घ्यावे. मात्रा दर लिटर पाण्यास २ मिलिग्रॅम. उजेडाने ते निकामी होते, म्हणून पेटी २४ तास झाकावी. जंत मरत नाही, लुळा पडून बाहेर येतो. तेव्हा तळचा गाळ नळीने ओढून बरेचसे पाणी बदलणे हाच उपचाराचा गाभा. तीन आठवड्यांनी हे सारे पुन्हा करावयाचे, आणि नेमका तिथेच पुष्कळांना कंटाळा येतो.

नवा मासा महिनाभर वेगळ्या बरणीत ठेवावा, जाळीही वेगळी असावी. डबक्यातले जिवंत खाद्य टाळावे.

आमच्याकडे पाच मासे उरले आहेत. दुसरी मात्रा येत्या शनिवारी.