चिठ्ठीवरचं घर

1966 साली मी पूर्व लंडनमधल्या एका बरोच्या आरोग्य खात्यात लहान मुलांची डॉक्टर म्हणून लागले. 1948 मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा आली तेव्हा हॉस्पिटलं आणि फॅमिली डॉक्टर यांचा कारभार वेगळ्या मंडळांकडे गेला. बाळंतिणी, तान्ही मुलं, लसी, घरोघर फिरणाऱ्या हेल्थ व्हिजिटर आणि घरांची तपासणी एवढं मात्र स्थानिक कौन्सिलांकडे राहिलं. आमच्याकडे हे सगळं एकाच आरोग्याधिकाऱ्याच्या हाताखाली चाले.

दवाखाना चर्चच्या हॉलमध्ये भरायचा. टेबलावर वजनकाटा, शेजारी सरकारी संत्र्याचा रस, कॉडलिव्हर ऑइल आणि नॅशनल ड्राइड मिल्कचे डबे. रस आणि दूध हातोहात खपे, ऑइलला नाकं मुरडली जात. पण बायकांना खरी हवी असायची ती चिठ्ठी. घरातल्या ओलीमुळे पोराची छाती भरते, असं डॉक्टरनं लिहून दिलं की कौन्सिलच्या घरांच्या यादीत नाव वर सरकण्याची आशा असे.

अशी एक चिठ्ठी लिहिण्याआधी मी घरं तपासणाऱ्या आमच्या इन्स्पेक्टरबरोबर त्या बाईच्या घरी गेले. वर दोन खोल्या, खाली दोन, संडास परसात, पत्र्याचा टब बाहेर खिळ्याला टांगलेला. इन्स्पेक्टरनं खिशातला चाकू भिंतीच्या तळाशी असलेल्या लाकडी पट्टीत खुपसला. पातं मुठीपर्यंत आत गेलं. पाळण्यामागच्या भिंतीवरचा कागद त्यानं नुसता बोटानं ओढला, तर गिलाव्यासकट खाली आला. मी वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेली. सामाईक संडासाचं मला काय नवल? पण डॉक्टरच्या शब्दावर अख्खी गल्ली पाडायला निघू शकते, हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

1957 च्या गृहनिर्माण कायद्यात घर राहण्यास अयोग्य कधी ठरतं, याची यादीच होती: डागडुजी, मजबुती, ओल, उजेड, हवा, पाणी, सांडपाणी व संडास, स्वयंपाकाची सोय. न्हाणीघर त्यात नव्हतं. टबात आंघोळ करावी लागते, एवढ्यावर घर अयोग्य ठरत नसे.

पाडलेल्या गल्ल्यांतली काही कुटुंबं टॉवरमध्ये गेली. आत न्हाणीघर, गरम पाणी. बायका हरखून गेल्या. मग 16 मे 1968 ला शेजारच्या न्यूहॅममध्ये रोनान पॉइंट या 22 मजली इमारतीत अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला, एक कोपरा वरपासून खालपर्यंत ढासळला आणि 4 माणसं गेली. त्यानंतर ‘खालचा मजला मिळेल का’ म्हणून विचारणाऱ्या आया वाढल्या. नव्या घरांतली काही मुलं तर तोच खोकला घेऊन परत आली. विजेची हीटिंग परवडेना, म्हणून लोक पॅराफिनचा स्टोव्ह पेटवत. लिटरभर पॅराफिन जळलं की जवळजवळ तेवढंच पाणी वाफ होऊन हवेत मिसळतं. खिडक्या बंद, भिंती काँक्रीटच्या गार. कोपऱ्यात काळी बुरशी धरे. मी कचेरीत दोन जिने खाली जाऊन इन्स्पेक्टरला सांगे, तो दुसऱ्या दिवशी तिथे पोचलेला असे.

1974 च्या एप्रिलमध्ये आरोग्याधिकारी हे पदच गेलं. आम्ही आणि हेल्थ व्हिजिटर आरोग्य सेवेत गेलो. इन्स्पेक्टर आणि घरं कौन्सिलकडेच राहिली. मुलाची छाती मी तपासत राहिले, पण भिंतीबद्दल काही सांगायचं तर आता दुसऱ्या कचेरीला पत्र धाडावं लागे. पत्राला उत्तर यायचं, तोवर हिवाळा सरलेला असायचा.