मापाआधी कापड

शिवून घ्यावयाच्या कपड्यात पहिला निर्णय मापाचा नसतो, कापडाचा असतो. तयार कपडा अंगावर चढवून पाहता येतो, न पटल्यास बदलून घेता येतो. ताग्यातले कापड मात्र केवळ हाताला आणि डोळ्याला कळते, आणि एकदा कात्री चालली की परतीची वाट बंद होते. शिंपी कितीही कुशल असला तरी चुकीच्या कापडाचे तो काही करू शकत नाही.

चाळीस वर्षे कापडाच्या पेढीवर घालविलेल्या एका वृद्ध गृहस्थांना हे कोणी सांगावयास नको होते. नातवाचा विवाह वैशाखात ठरला आणि बंदगळा व सुटाचे कापड घेण्यास आजोबा-नातू बाजारात निघाले. विवाहानंतर नातू त्याच पेढीवर बसणार होता.

सुटासाठी नातवाने ‘सुपर १५०’ हा आकडा मनाशी पक्का केला होता. आकडा मोठा म्हणजे माल टिकाऊ, असा त्याचा हिशेब. आजोबांनी तो दुरुस्त केला. हा आकडा लोकरीच्या तंतूचा बारीकपणा सांगतो, आयुष्य नव्हे. सुपर १०० मध्ये तंतूची सरासरी जाडी १८.७५ मायक्रॉनपर्यंत चालते, सुपर १२० मध्ये १७.७५, तर सुपर १५० मध्ये १६.२५. तंतू बारीक तसा स्पर्श मऊ. पण चुणीही लवकर पडते आणि बैठकीच्या जागी कापड लवकर झिजते. “वर्षातून दोनदा घालणाऱ्याने दीडशे घ्यावे. तुला रोज गादीवर बसायचे आहे, शंभर-एकशे वीस पुष्कळ झाले,” ते म्हणाले.

आकड्यापेक्षा त्यांनी वजनाची चौकशी अधिक केली. सुटाचे कापड मीटरला २२० ते २६० ग्रॅम भरले तर आपल्याकडील हवेत सोसते. तीनशेच्या पुढचे थंड मुलखासाठी. वीणही पाहावी. साध्या विणीतून हवा खेळते. तिरप्या रेघेची ट्विल वीण अधिक घट्ट असते आणि तिचा झोक चांगला पडतो. जवसाच्या खोडातील तंतूंपासून बनणारे लिनन घाम टिपते, पण चुरगळते. तो त्याचा स्वभाव समजूनच ते घ्यावे. शर्टाच्या सुती कापडात ४०, ६०, ८०, १०० असे काउंट असतात. एका पौंड सुतात ८४० वारांच्या किती लडी बसतात, तो हा आकडा. तो जितका मोठा तितके सूत तलम. तलम सूत दुहेरी पिळाचे असेल तर शर्ट अधिक टिकतो.

मग हाताची परीक्षा. कापड मुठीत घट्ट दाबून सोडावे आणि चुणी किती वेळात निवळते ते पाहावे. रंग दुकानातील दिव्याखाली ठरवू नये. तागा दाराशी नेऊन उजेडात उलगडावा. पन्हा विचारल्यावाचून मीटर सांगू नयेत. ५८ इंची पन्ह्यात पूर्ण बाहीच्या शर्टाला सुमारे १.६० मीटर पुरते, ३६ इंचीत २.२५ ते २.५० लागते. सुटाला मोठ्या पन्ह्याचे सव्वातीन मीटर धरावे. चौकडा असेल तर रेघा जुळविण्यासाठी थोडे अधिक. सुती कापड शिवण्यापूर्वी भिजवून घ्यावे, म्हणजे ते आटायचे तेवढे आधीच आटते.

खरा प्रश्न आला तो बंदगळ्याच्या वेळी. नातवाला एक झळाळते, मोतिया रंगाचे कापड आवडले. विक्रेता म्हणाला, “प्युअर सिल्क आहे.” घरात रेशीम वर्ज्य. अखंड धागा मिळावा म्हणून कोषातील जीव बाहेर पडण्याआधीच उष्णतेने मारला जातो, हे आजोबांनी नातवाला लहानपणीच सांगितले होते. नातू हिरमुसला. आजोबांनी मात्र कापड पुन्हा चोळून पाहिले, नमुन्याचा लहान तुकडा मागून घेतला आणि घरी येऊन त्यातील धागे पेटवून पाहिले. रेशीम वा लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. उभा आणि आडवा, दोन्ही धागे कागदासारखे भुरुभुरु जळाले आणि चिमूटभर मऊ राख उरली. ते व्हिस्कोज होते, लाकडाच्या लगद्यापासून बनलेले, आणि मागितलेली किंमत रेशमाची होती.

नातू आनंदला. “आजोबा, मग तर बरेच झाले! जीवहिंसा नाही. भावात थोडी घासाघीस करू आणि घेऊन टाकू.”

आजोबा क्षणभर थांबून म्हणाले, “माल आपल्याला चालतो, पण त्याचे नाव खोटे आहे. ते खोटे आपल्या सोयीचे निघाले म्हणून आज आपण गप्प बसलो, तर उद्या पेढीवर तू कोणते नाव उच्चारशील?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या दुकानात जाऊन जळालेल्या धाग्याची गोष्ट शांतपणे सांगितली. गिऱ्हाइकांसमोर आवाज चढविला नाही, सवलतही मागितली नाही. कापड अन्यत्र घेतले : सूत आणि लिननचे मिश्रण, त्याच मोतिया छटेचे. अस्तरासाठी क्युप्रो निवडले; सरकीवरील आखूड तंतूंपासून बनणारे हे अस्तर रेशमासारखे मऊ लागते. आतील कॅनव्हासमध्ये पुष्कळदा घोड्याचे केस असतात, म्हणून शिंप्याला सुती कॅनव्हास घालण्यास आधीच सांगितले. बटणे शिंगाची वा शिंपल्याची नकोत, त्याच कापडाने मढविलेली हवीत, हेही ठरले. बिलावर प्रत्येक तंतूचे नाव टक्केवारीसह लिहून घेतले.

ते लिहून घेताना नातवाने दुकानदाराच्या हातातील पेनाकडे लक्षपूर्वक पाहिले. पेढीवर बसल्यावर त्याने पहिला बदल केला तो एवढाच, की आपल्या प्रत्येक ताग्याला तंतूचे खरे नाव लिहिलेली चिठ्ठी लावली. काही ताग्यांचा खप त्यामुळे कमी झाला. चिठ्ठ्या मात्र त्याने काढल्या नाहीत.