प्रात्यक्षिकाचे गुण आणि आवक क्रमांक

महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयात विज्ञान शाखेची पदवी घेणारा विद्यार्थी एकाच वेळी दोन संस्थांचा विद्यार्थी असतो, आणि त्याच्या प्रशासकीय अडचणींपैकी बहुतेकांचे मूळ या दुहेरी नात्यात सापडते. प्रवेश, अध्यापन, हजेरी, प्रयोगशाळा, अंतर्गत मूल्यमापन आणि प्रात्यक्षिक परीक्षेचे आयोजन या बाबी महाविद्यालयाकडे असतात. अभ्यासक्रम, लेखी परीक्षा, निकाल, गुणपत्रिका आणि पदवी या बाबी महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ अन्वये विद्यापीठाकडे असतात. ही विभागणी सर्वत्र सारखी नाही. काही विद्यापीठांत सुरुवातीच्या सत्रांच्या परीक्षा महाविद्यालयच विद्यापीठाच्या वतीने घेते, तर स्वायत्त महाविद्यालयांत सर्व परीक्षा महाविद्यालयाच्या आणि पदवी तेवढी विद्यापीठाची, असा प्रकार असतो. आपल्या बाबतीत कोणता निर्णय कोणाच्या अखत्यारीत आहे हे प्रथम सत्रातच विचारून घेणारा विद्यार्थी विरळा, आणि अडचण आल्यावर भलत्याच खिडकीसमोर रांग लावणारे मात्र पुष्कळ. प्रस्तुत लेखकाने अशाच एका संलग्न महाविद्यालयात रसायनशास्त्राचे अध्यापन करताना परीक्षा विभागाचे कामही पाहिले असून, पुढील विवेचन त्या कामात जे दिसले त्यावर आधारलेले आहे.

विज्ञान शाखेपुरती सर्वांत नाजूक जागा म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षा, कारण तेथे गुण देणारी यंत्रणा महाविद्यालयात असते आणि गुण छापणारी यंत्रणा विद्यापीठात असते. परीक्षेच्या दिवशी विद्यार्थी तुकडीनिहाय प्रयोगशाळेत येतात, आसनक्रमांकासमोर हजेरीपत्रकावर सही करतात, अंतर्गत आणि बहिःस्थ असे दोन परीक्षक त्यांचे काम पाहून, तोंडी परीक्षा घेऊन गुणतक्त्यावर गुण लिहितात, आणि तो तक्ता समोर ठेवून महाविद्यालयातील कोणीतरी ते गुण विद्यापीठाच्या संगणकप्रणालीत भरते. या शेवटच्या टप्प्यावर आसनक्रमांकाऐवजी हजेरीक्रमांक पाहिला गेला, किंवा पुनर्परीक्षार्थी विद्यार्थ्यांची वेगळी यादी उघडायची राहून गेली, की प्रत्यक्ष हजर असलेला विद्यार्थी निकालात गैरहजर ठरतो.

लेखकाच्या पाहण्यातील एका विद्यार्थ्याच्या बाबतीत नेमके हेच घडले. आजारपणामुळे त्याला आपल्या तुकडीबरोबर परीक्षा देता आली नव्हती व विभागप्रमुखांच्या परवानगीने तो दुसऱ्या दिवशीच्या तुकडीत बसला होता. त्या दिवसाच्या छापील हजेरीपत्रकात त्याचा क्रमांक नसल्याने तो तळाशी निळ्या शाईने हाताने लिहिला होता, त्यापुढे त्याची सही होती आणि बाजूला बहिःस्थ परीक्षकांची आद्याक्षरेही होती. गुण भरणाऱ्या व्यक्तीने छापील ओळी तेवढ्या पाहिल्या. निकाल लागला तेव्हा तिन्ही लेखी विषयांत उत्तम गुण मिळवलेल्या या विद्यार्थ्याच्या प्रात्यक्षिकासमोर गैरहजेरीचा शेरा होता, आणि त्याने जे केले ते अशा प्रसंगी जवळजवळ प्रत्येक जण करतो: सकाळची गाडी पकडून त्याने थेट विद्यापीठ गाठले. तेथे त्याला पुनर्मूल्यांकनाचा अर्ज भरण्यास कोणीतरी सुचवले, पुढच्या खिडकीवर प्रात्यक्षिकाला पुनर्मूल्यांकन नसते असे कळले, आणि तिसऱ्या ठिकाणी 'कॉलेजचे पत्र आणा' एवढेच उत्तर मिळाले. तिसरे उत्तर बरोबर होते. विद्यापीठाच्या दृष्टीने त्या विषयाचा मूळ पुरावा म्हणजे महाविद्यालयातील हजेरीपत्रक व गुणतक्ता हाच असतो, आणि तो पुरावा महाविद्यालयाच्या प्राचार्यांच्या सहीशिवाय पुढे जात नाही. विभागाच्या कपाटातून ते हजेरीपत्रक काढून, त्याची साक्षांकित प्रत, गुणतक्त्याची प्रत आणि प्राचार्यांचे दुरुस्तीपत्र असा संच विद्यापीठात दाखल केल्यावर निकाल दुरुस्त झाला; परंतु तोवर एका विद्यापीठाच्या एम.एस्सी. प्रवेशाची पहिली फेरी संपली होती.

या घटनेतून निघणारी पहिली व्यावहारिक गोष्ट अशी की, गुणपत्रिकेतील कोणता आकडा चुकला आहे यावर विद्यार्थ्याने कोठे जायचे हे ठरते. प्रात्यक्षिक, अंतर्गत चाचणी आणि प्रकल्प यांचे गुण चुकले असतील तर महाविद्यालयाचा परीक्षा विभाग. विद्यापीठाने घेतलेल्या लेखी परीक्षेचे गुण असतील तर विद्यापीठाची छायाप्रत व पुनर्मूल्यांकनाची प्रक्रिया. नाव, विषय किंवा माध्यम चुकले असेल तर पुन्हा महाविद्यालय, कारण परीक्षा अर्ज तेथून पडताळून पुढे गेलेला असतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. कार्यालयात जे तोंडी सांगितले जाते त्याचा पुढे कोणताही माग राहत नाही, म्हणून प्रत्येक अर्ज लेखी, दोन प्रतींत द्यावा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक घ्यावा. आवक क्रमांक म्हणजे कार्यालयात आलेल्या प्रत्येक कागदाची आवक नोंदवहीत जी क्रमवार नोंद होते तिचा अंक. तो, तारीख आणि शिक्का आपल्या प्रतीवर असला की ती प्रत पोच ठरते. वरील प्रकरणात पोच असलेल्या अर्जाचा पाठपुरावा क्रमांक सांगून दूरध्वनीवरही करता आला. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला ही सवय खरे तर परकी नसावी, कारण प्रयोगवहीत तारीख, निरीक्षण आणि शिक्षकांची सही नसलेला प्रयोग परीक्षेत ग्राह्य धरला जात नाही हे तो पहिल्या वर्षापासून अनुभवत असतो. तरीही तीच वही काटेकोरपणे पूर्ण करणारा विद्यार्थी अर्ज देताना पोच मागायला संकोचतो. संकोचण्याचे कारण नाही. बहुतेक लिपिक पोच मागितल्यावर निमूटपणे शिक्का मारतात. जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर मागितली तर थोडे कुरकुरतात, इतकेच.

सत्र सुरू होतानाची कामे त्या मानाने साधी, पण विसरली जाणारी आहेत. विद्यापीठाकडून मिळणारा कायम नोंदणी क्रमांक, ज्याला सर्व जण पीआरएन म्हणतात, तो पदवी पूर्ण होईपर्यंत बदलत नाही, तर आसनक्रमांक प्रत्येक परीक्षेला बदलतो. पत्रव्यवहारात दोन्ही लिहावेत. अन्य मंडळातून किंवा अन्य राज्यातून आलेल्या विद्यार्थ्याची पात्रता, म्हणजे त्याची पूर्वीची परीक्षा या विद्यापीठाने मान्य केल्याचा निर्णय, स्थलांतर प्रमाणपत्राशिवाय पूर्ण होत नाही, आणि ती अपूर्ण राहिली तर त्याचा परिणाम प्रवेशाच्या वेळी न दिसता अनेकदा निकाल राखून ठेवला जातो तेव्हा दिसतो. महाविद्यालयाने मूळ प्रमाणपत्रे स्वतःकडे अडकवून ठेवू नयेत असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ च्या अधिसूचनेत स्पष्ट केले आहे. मात्र शाळा किंवा महाविद्यालय सोडल्याचा दाखला मूळ स्वरूपातच द्यावा लागत असल्याने त्याची स्वच्छ स्कॅन केलेली प्रत आधी काढून ठेवणे शहाणपणाचे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून जी श्रेयांकरचना आली तिच्यामुळे विज्ञानाच्या विद्यार्थ्याच्या हजेरीचा अर्थही बदलला आहे. श्रेयांक म्हणजे ठरावीक तासांच्या अध्ययनाला दिलेले माप. व्याख्यानासाठी एक श्रेयांक पंधरा तासांचा, तर प्रयोगशाळेसाठी तीस तासांचा धरला जातो. म्हणजे दोन श्रेयांकांच्या प्रात्यक्षिकाला चार श्रेयांकांच्या व्याख्यानाइतकाच, साठ तासांचा वेळ द्यावा लागतो, आणि आठवड्याचे एक प्रात्यक्षिक बुडाले तर चार तास एकदम जातात. मिळवलेले श्रेयांक ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स या राष्ट्रीय खात्यात जमा होतात. २०२१ च्या नियमांनुसार ते जास्तीत जास्त सात वर्षे वापरता येतात, त्यामुळे एक-दोन वर्षांनी शिक्षण सोडावे लागलेल्या विद्यार्थ्याला परत येण्याची वाट राहते. हे खाते डिजिलॉकरमधून उघडता येते व त्याचा क्रमांक बारा अंकी असतो. खाते उघडणे सोपे आहे. त्यातले नाव आणि विद्यापीठातले नाव जुळणे कठीण आहे.

नावाचा प्रश्न महाराष्ट्रात विशेष गुंतागुंतीचा होतो. येथील गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग विद्यार्थ्याचे नाव, मग वडिलांचे आणि बरेचदा आईचे नाव अशी मांडणी असते. आधारपत्रावर स्वतःचे नाव आधी येते, आणि पारपत्रावर आडनावाचा रकाना स्वतंत्र असतो. त्यात रोमन लिपीतील वर्णलेखन भरीला असते: पूजा या नावात कोणी दोन 'ओ' लिहितो, कोणी एक 'यू'. प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नावातील एका अक्षराच्या फरकामुळे शिष्यवृत्ती अडकलेली आहे आणि परदेशी विद्यापीठाने प्रमाणपत्र परत पाठवलेले आहे. दहावीचे प्रमाणपत्र हा पुढील सर्व कागदांचा आधार मानला जात असल्याने पहिल्या वर्षाचा परीक्षा अर्ज भरतानाच आधार, बँकखाते आणि विद्यापीठाची नोंद त्याच्याशी ताडून पाहावी. विवाहामुळे किंवा स्वेच्छेने नाव बदलले असेल तर राजपत्रातील प्रसिद्धीची प्रत जन्मभर सांभाळण्याच्या कागदांत ठेवावी.

निकालाच्या बाबतीत दोन-तीन संज्ञा ठाऊक असल्या तर निष्कारण रडारड टळते. एटीकेटी म्हणजे काही विषय राहिले असतानाही पुढील वर्गात बसण्याची सवलत. किती विषय राहिले तर ती मिळते हे प्रत्येक विद्यापीठाचा अध्यादेश ठरवतो, आणि वरच्या वर्गातील मित्राने सांगितलेला नियम बहुधा त्याच्या वेळच्या अभ्यासक्रमाचा असतो. आरएलई असा शेरा काही विद्यापीठांच्या निकालात येतो, त्याचा अर्थ खालच्या सत्राचा निकाल अपूर्ण असल्याने वरच्या सत्राचा निकाल राखून ठेवला आहे एवढाच. तो अनुत्तीर्णतेचा शेरा नाही. अधिनियमानुसार विद्यापीठाने परीक्षा संपल्यापासून तीस दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा आणि कोणत्याही परिस्थितीत पंचेचाळीस दिवसांपलीकडे जाऊ नये अशी अपेक्षा आहे. ती नेहमी पाळली जाते असे म्हणणे धाडसाचे होईल. उलट विद्यार्थ्याला मिळणारी छायाप्रतीची व पुनर्मूल्यांकनाची मुदत थोड्याच दिवसांची असते आणि ती सहसा वाढत नाही, म्हणून निकालाच्या आठवड्यात गावाला जाण्याचा बेत आखू नये. आधी छायाप्रत मागवून, ती त्या विषयाच्या शिक्षकांना दाखवून, मगच पुनर्मूल्यांकनाचा खर्च करावा. बेरीज चुकली आहे की एखादे उत्तर तपासायचेच राहिले आहे हे शिक्षक पाच मिनिटांत सांगू शकतात. आपली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये माहिती अधिकाराच्या संदर्भात मान्य केला आहे, परंतु त्या मार्गाला तीस दिवस लागू शकतात व पुनर्मूल्यांकनाची मुदत त्यासाठी थांबत नाही.

शिष्यवृत्तीबद्दल थोडक्यात सांगायचे तर, महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावरील अर्ज विद्यार्थ्याने भरून संपत नाही. तो महाविद्यालयाने पडताळून पुढे पाठवावा लागतो, आणि रक्कम आधारशी जोडलेल्या बँकखात्यातच येते. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून मिळण्यास प्रवेशाच्या हंगामात वेळ लागतो, तेव्हा बारावीच्या निकालाची वाट न पाहता तो काढलेला बरा.

लेखी अर्ज, पोच आणि स्मरणपत्र यांनंतरही काम झाले नाही तर तक्रारीचा मार्ग आहे, आणि तो वापरल्याने परीक्षेत सूड उगवला जाईल ही भीती वसतिगृहांत वर्षानुवर्षे घोळवली जाते. लेखी उत्तरपत्रिकेवर परीक्षकाला नाव दिसत नाही, एवढी माहिती ती भीती बरीच कमी करण्यास पुरेशी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असणे आवश्यक असून तिने पंधरा कामकाजाच्या दिवसांत आपला अहवाल द्यायचा असतो. त्याने समाधान न झाल्यास विद्यापीठाच्या लोकपालाकडे पंधरा दिवसांत अपील करता येते. तक्रार करताना आवक क्रमांकांसह तारखांची यादी जोडली तर समितीचे निम्मे काम होते. नुसता संताप व्यक्त करणाऱ्या अर्जावर मात्र समितीला धड निर्णयही लिहिता येत नाही.

शेवटच्या सत्रात घाई सर्वांत जास्त असते, कारण एम.एस्सी.च्या प्रवेशपरीक्षा आणि परदेशी विद्यापीठांच्या मुदती येथील निकालासाठी थांबत नाहीत. अशा वेळी विद्यापीठाकडे गोपनीय निकालाची मागणी करता येते. त्यात गुण विद्यार्थ्याच्या हाती न देता प्रवेश देणाऱ्या संस्थेला थेट कळवले जातात, आणि त्यासाठी त्या संस्थेचे मागणीपत्र लागते. जर्मनीस जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसासाठी एपीएस या कागदपत्र-पडताळणीचे प्रमाणपत्र अनिवार्य झाले असल्याने सर्व सत्रांच्या गुणपत्रिका हाताशी असणे ही त्यांची पहिली गरज असते. गुणतालिका, ज्यांना ट्रान्सक्रिप्ट म्हणतात, त्या एकापेक्षा अधिक प्रतींत मागवाव्यात, कारण दुसऱ्यांदा मागवताना तीच प्रक्रिया पुन्हा करावी लागते. ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि जिमखाना यांचे नाहरकत घेऊन प्रयोगशाळेची अनामत परत मागावी. फुटलेल्या काचसामानाची रक्कम वजा होऊनही थोडे पैसे उरतात, आणि बहुसंख्य विद्यार्थी ते नेत नाहीत. पदवी प्रमाणपत्र गुणपत्रिकेबरोबर आपोआप मिळत नाही. दीक्षान्त समारंभापूर्वी विद्यापीठ जाहीर करते त्या मुदतीत स्वतंत्र अर्ज व शुल्क भरावे लागते, आणि ती मुदत चुकली तर पुढील समारंभाची वाट पाहावी लागते किंवा विलंबशुल्क भरावे लागते.