पहांटेची पेठ आणि वधूवरपरीक्षा

वाशीजवळ कृषि उत्पन्न बाजार समितीची जी विस्तीर्ण पेठ आहे, तिला सारे लोक ‘एपीएमसी मार्केट’ या नांवानेंच ओळखतात. कांदा-बटाटा, भाजीपाला, फळें, मसाले व धान्य असे तिचे पांच बाजार. मुंबईच्या कोंदट गल्ल्यांतील घाऊक व्यापार १९८० नंतर टप्प्याटप्प्यानें येथें आला. उजाडण्यापूर्वींच मालमोटारी लागतात आणि पोतीं उतरूं लागतात. माथ्यावर भार वाहतो तो माथाडी. यांपैकीं पुष्कळ सातारा जिल्ह्यांतले. अण्णासाहेब पाटलांनीं त्यांची संघटना बांधली, आणि १९६९ च्या कायद्यानें त्या श्रमाच्या नांवास सरकारदरबारीं स्थान मिळालें.

पेठेपासून जवळच बेलापुराकडे जाणारा पाम बीच मार्ग आहे. त्याच घटकेस तेथें तरुण मंडळी धांवत असतात. पोटासाठीं नव्हे, मॅरेथॉनसाठीं! मुंबईंत ही शर्यत २००४ सालीं सुरू झाली, अंतर ४२.१९५ किलोमीटर. हें वेड आपल्याकडे अगदींच नवें नाहीं. बेळगांवचे फडेप्पा चौगुले १९२० सालीं अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्यें ही शर्यत धांवून एकोणिसावे आले होते.

आमची नात या धांवणाऱ्यांपैकींच एक. गेल्या फाल्गुनांत तिला स्थळ सांगून आलें. मुलानें टिपणांत पगाराच्याहि आधीं आपल्या शर्यती व त्यांस लागलेला वेळ लिहिला होता! त्याच्या मातोश्रींनीं मात्र विचारविलें, ‘मुलगी लग्नानंतरहि धांवणार का?’ नात म्हणाली, “आजोबा, उंची, गोत्र, पदवी हें माझ्यासारख्या शंभर जणींचें असेल. धांवणें वगळलें तर त्या कागदांत मी कोठें उरतें?”

कुमारसंभवांत पार्वती तपास निघाली तेव्हां आईनें ‘नको’ म्हणून तिला वारलें, आणि त्या वारण्यावरूनच तिचें ‘उमा’ हें नांव पडलें, असें कालिदास सांगतो. पुढें शंकर बटुवेषानें आला तो तिची परीक्षा पाहावयास. आमच्याकडे कोण कोणाची परीक्षा घेत होतें, तें मला अद्याप नीटसें उमगलेलें नाहीं. नातीनें कांदेपोह्यांचा बेत मोडला आणि मुलाला पहांटे बेलापूरपर्यंत जाऊन परत येण्यास बोलाविलें. सूनबाई रुसल्या. मी हापुसाची पेटी आणण्याच्या निमित्तानें पेठेंत जाऊन थांबलों.

फळबाजारांत पेंढ्याचा व आंब्याचा संमिश्र दरवळ होता. बाहेर एक माथाडी खालीं वांकला. दोघांनीं पोतें उचलून त्याच्या पाठीवर दिलें आणि तो चालूं लागला. एकट्यानें तें चढविणें अशक्यच. इतक्यांत मुलगा घामाघूम होऊन आला, घड्याळ पाहिलें, पाण्याची बाटली घेतली आणि आल्या वाटेनें परत फिरला. कांहीं वेळानें दोघेंहि चालत आलीं. नातीच्या पोटरींत गोळा आला होता.

चहा घेतांना दोघें पुष्कळ बोलत होतीं. घरीं येतांना मीं तिला विचारलें. ती म्हणाली, “परत आला हें खरें, पण आधीं आपलें अंतर पुरें करून.”

“मग त्यांना काय कळवावयाचें?”

“पुढच्या रविवारीं पुन्हा बोलाविलें आहे. या खेपेस घड्याळ घरीं ठेवून ये, असें सांगितलें आहे.”