मानेचे सात मणके

मानेच्या एमआरआयचा अहवाल म्हणजे जुन्या वाड्याच्या पाहणीचा कागदच! इथं गादी झिजली, तिथं हाड वाढलं, पलीकडं जागा अरुंद झाली. माझा अहवाल वाचता वाचताच माझी मान ताठ झाली!

जिराफाच्या मानेत मणके सात, माझ्याही सातच. तेव्हा देवानं माप कमी घातलं असं म्हणायची सोय नाही. दिलासा मिळाला तो २०१५ सालच्या एका जपानी पाहणीतून. कसलीही तक्रार नसलेल्या १२११ माणसांच्या माना तपासल्या, तर ८७.६ टक्क्यांच्या मणक्यांमधल्या गाद्या फुगलेल्या! म्हणजे हे केस पिकण्यासारखंच. चित्रात झीज दिसते, दुखणं दिसत नाही.

म्हणूनच जाणता डॉक्टर कागदाबरोबर माणूसही पाहतो. नुसती मान दुखत असेल, तर झेपेल तसा व्यायाम, शेक, थोडं औषध आणि धीर. बहुतेकांना एवढं पुरतं. पण बोटं अडखळू लागली, चालताना तोल जाऊ लागला, तर मज्जारज्जू दबत असेल. मग डॉक्टरांना गाठायला आणि शस्त्रक्रियेचा विचार करायला उशीर नको.

पाडव्याला आजोबा नवा सदरा घालतील, तेव्हा 'मान दुखते का?' एवढंच विचारू नका. बटणं लावणाऱ्या त्यांच्या बोटांकडेही पाहा.