हर्ट-हर्ट-हर्ट

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये क्रियापदांची तीन रूपं पाढ्यांसारखी पाठ करून घ्यायचे. गो-वेन्ट-गॉन, ब्रेक-ब्रोक-ब्रोकन... आणि सगळ्यांचं लाडकं हर्ट-हर्ट-हर्ट! तिन्ही रूपं सारखीच, चुकायला वावच नाही. (मराठीत चुकले तर संपादकांनी सांभाळून घ्यावं.)

तर झालं असं. मागच्या सेमिस्टरला माझ्या रूममेटने सेमिनार दिला. ती परभणीकडची, दहावीपर्यंत मराठी माध्यमातली. विषयाची एकदम पक्की. माझी निम्मी सबमिशन्स तिच्या जिवावर झालीत. पण 'स्ट्रेस-स्ट्रेन'चं ती 'इस्ट्रेस-इस्ट्रेन' करते. त्या रात्री मेसमध्ये मी तिची नक्कल केली. अख्खं टेबल हसलं. ती पाण्याचा जग घेऊन माझ्या मागेच उभी होती.

रूमवर आले तर टेबलावर वहीचा कागद. इंग्रजीत एकच ओळ : "आय ॲम हर्टेड बाय यू."

आणि मी काय केलं असेल? लाल पेन उचललं आणि 'एड' खोडलं! खरंच सांगते, हात आपोआप गेला. ती कॉटवरून बघत होती. म्हणाली, "मला लागलं गं ते." आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

मला काही झोप येईना. डिक्शनरी काढली. हर्ट जुन्या फ्रेंचमधून आला, मूळ अर्थ धडक मारणे. आपल्याकडे पाय दुखतो आणि मन दुखावतं. इंग्रजीत दोन्हीला हर्टच. मामेबहीण लॉ करते, तिला फोन केला. ती म्हणाली, १८६० च्या दंड संहितेचं कलम ३१९ घे, नाहीतर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेचं ११४, 'हर्ट' म्हणजे शारीरिक वेदना, आजार किंवा दुर्बलता. मन त्यात येत नाही. म्हणजे कायद्याने मी सुटले! पण 'इंज्युरी'च्या व्याख्येत मन आणि लौकिक दोन्ही आहेत, फक्त इजा बेकायदेशीर हवी. नक्कल करणं बेकायदेशीर थोडंच आहे? मी खूश. दोन मिनिटं.

मग 'लागलं' डोक्यात घोळायला लागलं. दाराचं लागतं, दगडाचं लागतं, बोलणंही लागतं. पण लावणारा वाक्यात नाहीच! "मला लागलं" म्हणून तिने मला मोकळं सोडलं होतं. इंग्रजीत मात्र तिने स्पष्ट लिहिलं होतं, "बाय यू." मी 'एड' खोडताना तेवढंच वाचलं नव्हतं.

सकाळी तिला म्हटलं, "मी तुला दुखावलं." 'सॉरी' मुद्दामच नाही म्हटलं, ते आम्ही धक्का लागला तरी म्हणतो. ती वेणी घालत होती. बराच वेळ काही बोलली नाही.

मग म्हणाली, "मेसमध्ये आज थालीपीठ आहे. येतेस?"

कागद अजून माझ्या स्ट्रेंग्थच्या पुस्तकात आहे, लाल रेघेसकट.