कॅसेटमधलं बोलणं

आम्हा कोकणी मुसलमानांच्या घरांत नवरा-बायकोचा संसार कितीदा टपालावरच चालला. १९७० नंतर रत्नागिरी-रायगडची माणसं दुबई, कुवेत, सौदीला गेली. अक्षरओळख नसलेल्या बायकोचं पत्र दीर वाचणार, उत्तर शेजारची पोर लिहिणार. मग मनातलं सांगायचं कसं? पुढे कॅसेट आली. सुट्टीवर येणारा गाववाला ती घेऊन यायचा. दार लावून ऐकता येई. मध्येच तोडून भांडता मात्र येत नसे, शेवटपर्यंत ऐकावंच लागे. आम्हाला ती सक्ती बरी वाटते. आता व्हिडिओ कॉल रोजचाच. पण फोन सासू, नणंद, पोरं असा फिरत बायकोकडे येतो, तेव्हा "जेवलीस का?" एवढंच उरतं. ती "हो" म्हणते. "फोन घेऊन आत जा गं," असं आमच्यातलं कुणीच तिला म्हणत नाही.